बदकाची पावले आणि उद्मुर्त स्त्रीचे लेणे

दागिना हा बायकांच्या हौसेचा विषय, असे समजून इतिहास लिहिणारे बहुधा त्याच्यावरून पुढे निघून जातात. ज्यांच्यापाशी बखरी आणि तहनामे आहेत, त्यांना हे परवडते. पण ज्या समाजाने शतकानुशतके स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्याचा इतिहास कोठे शोधावयाचा? आमचे म्हणणे असे की, तो त्याच्या लेण्यांत शोधावा.

रशियात उरल पर्वताच्या पश्चिमेस, व्याटका आणि कामा या नद्यांच्या दुआबात, उद्मुर्त लोक राहतात. फिनिश व हंगेरियन यांच्या विस्तृत भाषाकुळातील त्यांची भाषा. इझेव्हस्क हे त्यांच्या प्रजासत्ताकाचे मुख्य शहर. १८५८ साली कामाकाठच्या अनानिनो गावाजवळची थडगी उकरली गेली आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील काशाच्या वस्तू उजेडात आल्या. पुढे ग्लाझोव्ह शहराजवळच्या इद्नाकार या नवव्या ते तेराव्या शतकांतील गढीचेही उत्खनन झाले.

या प्रदेशातील जुन्या थडग्यांत स्त्रियांचे एक लेणे पुन्हापुन्हा सापडते. वर घोड्याच्या आकृतीचे पदक, खाली साखळ्या आणि साखळ्यांच्या टोकांना बदकाच्या पावलांसारखे लोलक. चालताना ते वाजत. या नादाने अनिष्ट दूर राहते अशी समजूत असावी, असे संशोधक मानतात.

पण पावले बदकाचीच का? उद्मुर्तांच्या कथेत आरंभी सर्वत्र पाणीच होते. इन्मार देवाने जलाधिपती वुकुझ्योला तळाची माती आणावयास पाठविले. त्याने थोडी माती तोंडात लपविली. पृथ्वी वाढू लागली, तशी तोंडातली मातीही फुगू लागली. त्याने ती थुंकली आणि डोंगर झाले. शेजारच्या मारी लोकांच्या कथेत ही बुडी मारणारा पाणपक्ष्याचेच रूप घेतो. वराहाने पृथ्वी वर काढल्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे परके वाटणार नाही. मात्र तेवढ्यावरून नाते जोडू नये.

येथेच सावधगिरी हवी. लोलक हजार वर्षांपूर्वीचे. कथा टिपल्या गेल्या त्या बहुतांशी एकोणिसाव्या शतकापासून पुढे. कथेवरून लोलकाचा अर्थ लावणे हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी तो तर्क पोकळ नाही. पुढील काळात काशाची जागा चांदीच्या नाण्यांनी घेतली. खांद्यावरून तिरका घ्यावयाचा ‘कामाली’ हा पट्टा नाण्यांनी मढविला जाई. अंगावरचे लेणे वाजावे, ही आवड मात्र कायम राहिली.

ज्या देवांशी ही लेणी जोडली जातात, त्यांच्याच नावाने या लोकांवर एकदा भयंकर आळ आला. १८९२ साली मुल्तान गावाजवळ एका भिकाऱ्याचे शिर नसलेले प्रेत सापडले आणि नरबळी दिल्याचा आरोप उद्मुर्त शेतकऱ्यांवर ठेवण्यात आला. लेखक व्लादिमिर कोरोलेंको त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८९६ साली आरोपी निर्दोष सुटले. आपला धर्म आपल्या शब्दांत जगासमोर मांडता आला नाही, की इतर लोक त्याचे काय करतात, हे यावरून दिसते.

आज उद्मुर्तियात याच आकृतींवरून नवे दागिने घडविले जातात. १९९४ सालच्या राजचिन्हातही हंसरूप मनुष्य आहे. एके काळी लपवावीशी वाटणारी ओळख मुली कानांत घालून मिरवितात, ही लहान गोष्ट नव्हे. पण खानेसुमारीत २००२ साली सुमारे ६ लाख ३७ हजार असलेले उद्मुर्त २०२१ साली सुमारे ३ लाख ८६ हजारच नोंदले गेले. सोनाराला साच्यावरून पाऊल घडविता येते. ते कोणाचे, कोणत्या पाण्यात बुडी मारून आले, हे मात्र आजीने नातीला त्यांच्याच भाषेत सांगावे लागते. ते सांगणे थांबले, तर लेणे राहील आणि लिहिलेले पुसले जाईल.