‘से अगेन’ची कुळकथा

वैमानिकांच्या गप्पा रंगल्या की एक किस्सा हमखास निघतो. विमान धावपट्टीवर वेग घेतंय आणि शेजारी सहवैमानिक तोंड पाडून बसलाय. कॅप्टनला दया येते. तो म्हणतो, ‘चिअर अप!’ सहवैमानिकाला ऐकू येतं ‘गिअर अप’, आणि तो आज्ञाधारकपणे चाकं पोटात घेतो. विमान अजून जमिनीवरच! दुसरा किस्सा याच घराण्यातला. उतरण्याचा बेत फसतो, पुन्हा वर चढायचं म्हणून कॅप्टन ओरडतो, ‘टेकऑफ पॉवर!’ त्याला हवी असते उड्डाणाच्या वेळची पूर्ण ताकद. फ्लाइट इंजिनिअर मात्र ‘पॉवर काढून टाक’ असं समजून इंजिनांचा दम काढून घेतो. हे किस्से इतक्या तोंडांतून फिरलेत की मूळ विमान कुठलं, ते विचारण्यात अर्थ नाही. पण ही माणसं हातभर अंतरावर बसलेली, मध्ये रेडिओसुद्धा नाही, आणि तरी ही गत.

आता मध्ये रेडिओ घाला. माणसाच्या आवाजातला ‘स’ आणि ‘फ’ यांचा सुसकारा वरच्या पट्टीत असतो. विमानाचा रेडिओ साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमधलाच आवाज पुढे पाठवतो, त्यामुळे ‘एस’ आणि ‘एफ’ जुळे भाऊ होतात. बी, डी, पी, टी यांची शेपटी आधीच सारखी. त्यात इंजिनाची घरघर.

हे दुखणं एकट्या विमानांचं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले सिग्नलवाले टेलिफोनवर ए म्हणजे ‘अ‍ॅक’, एम म्हणजे ‘एमा’, पी म्हणजे ‘पिप’ असं म्हणत. सकाळची वेळ झाली ‘अ‍ॅक एमा’, आणि विमानविरोधी तोफांना ‘अ‍ॅक-अ‍ॅक’ हे नाव चिकटलं ते कायमचं. याच सैन्यातला जुना विनोद: आघाडीवरून निरोप निघाला, ‘सेंड रिइन्फोर्समेंट्स, वुई आर गोइंग टू अ‍ॅडव्हान्स’. म्हणजे कुमक पाठवा, आम्ही चाल करतोय. तोंडातोंडी मागे पोचेपर्यंत त्याचं झालं, ‘सेंड थ्री अँड फोरपेन्स, वुई आर गोइंग टू अ डान्स’. तीन शिलिंग चार पेन्स पाठवा, आम्ही नाचायला निघालोय! आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ कुणीतरी मुद्दाम केला असं सांगतात. इथे कुणाचंच वैर नव्हतं.

विमानांच्या बाबतीत पहिला शहाणपणा सुचला तो लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला. मोर्सच्या टिकटिकीत ‘एसओएस’ सुबक, पण बोलताना त्यातला ‘एस’ विरून जाई. तिथले वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना दुसरा शब्द शोधायला सांगितलं गेलं. क्रॉयडनची बरीचशी ये-जा पॅरिसशी होती. म्हणून त्यांनी फ्रेंच कानाला ‘मला मदत करा’ असं वाटेल आणि इंग्रज जिभेवरही बसेल असा ‘मेडे’ निवडला. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का बसला. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. चुकीचं ऐकायचं तर आधी कुणी बोलायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जग विमानांनी जोडलं गेलं आणि उच्चारांची खिचडी शिजली. मॉन्ट्रियलमधले भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांच्याकडे इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश जिभांना सारखेच पेलतील असे शब्द जमवायचं काम आलं. १९५१च्या यादीत सी म्हणजे ‘कोका’, एम ‘मेट्रो’, एन ‘नेक्टर’, यू ‘युनियन’ आणि एक्स ‘एक्स्ट्रा’ होते. प्रत्यक्ष आकाशात ते टिकेनात. मग ३१ राष्ट्रांच्या माणसांवर चाचण्या झाल्या आणि १ मार्च १९५६पासून चार्ली, माइक, नोव्हेंबर, युनिफॉर्म आणि एक्स-रे आले. बारकावा पाहा: ‘जुलिएट’च्या शेवटी दोन टी ठेवले, कारण एकच ठेवला असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. आकड्यांनाही असेच पैलू पाडले. थ्रीचा ‘ट्री’ झाला, फाइव्हचा ‘फाइफ’, आणि फाइव्हशी गल्लत नको म्हणून नाइनला शेपूट लावून ‘नाइनर’.

शब्द असे घासूनपुसून घेतले, पण कानामागच्या डोक्याचं काय? १९ फेब्रुवारी १९८९ला फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. त्याच्या मनात होते २४०० फूट. कॉकपिटने पहिला ‘टू’ आकडा न मानता ‘पर्यंत’ या अर्थी घेतला आणि ४०० फुटांकडे उतरायला लागले. ऐकलेलं परत म्हणून दाखवतानाही चूक निसटली. विमान टेकडीवर आदळलं, चारही जण गेले. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ म्हटलं असतं तर वादच नव्हता. त्याआधी, २७ मार्च १९७७ला तेनेरीफच्या धुक्यात दोन जम्बो धडकून ५८३ माणसं गेली. त्यात दोघे एकाच वेळी बोलल्याने रेडिओवर नुसती शिट्टी वाजली आणि नेमका हवा तो इशारा बुडाला. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द सोवळ्यात आहे. उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच तो उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’. १९९६मध्ये चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर झाली, त्यानंतर वैमानिकांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याचा आग्रह वाढला.

माझं मत असं की या सगळ्या नियमांचा रोख जिभेपेक्षा अपेक्षेवर आहे. कान थकला की डोकं त्याच्या वतीने वाक्य पुरं करून टाकतं. म्हणून ‘रीडबॅक’: ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि समोरच्याने ते खरंच ऐकायचं. दुसरा भाग अवघड. कधीकधी मात्र हेच डोकं वाचवतंही. १५ जानेवारी २००९ला हडसन नदीत उतरलेलं विमान होतं ‘कॅक्टस १५४९’. संकटाच्या त्या क्षणी कॅप्टन सलनबर्गर स्वतःला १५३९ म्हणाले, नियंत्रकाने त्यांना १५२९ म्हटलं, आणि तरी दोघांना बरोबर कळलं कोण कोणाशी बोलतंय.

समुद्रावर कथा आणखी जुनी वळणं घेते. नेहमीचा रेडिओ क्षितिजापलीकडे पोचत नाही, म्हणून अरबी समुद्रावरून जाणारी विमानं एचएफ लहरींवर ‘मुंबई’ला हाका मारत आली. खरखरीतून आलेलं ऐकायचं रेडिओ ऑपरेटरने आणि पुढे कळवायचं नियंत्रकाला. म्हणजे कानगोष्टींच्या खेळात अधिकृतपणे बसवलेला तिसरा गडी. आता बरेचसे निरोप उपग्रहामार्गे टाइप होऊन पडद्यावर येतात. ऐकण्याचा प्रश्नच मिटला. वैमानिक वाचतो आणि उत्तराचं बटण दाबतो: ‘विल्को’, ‘अनेबल’, ‘स्टँडबाय’ किंवा ‘रॉजर’. ‘रॉजर’ हा ‘रिसीव्ह्ड’मधल्या आरचा युद्धकाळातला उच्चार. आरची ती जागा कधीच ‘रोमिओ’ने घेतली, पण बटणावरून त्याला हलवायचं कुणाला सुचलेलं नाही.