रेडिओ विकायचा नाही

दिवाळीआधी कुरकुंभला माहेरी गेले होते. भावाने जुन्या दुकानाचा पोटमाळा साफ करायला काढला होता. लाल कापडी बांधणीच्या खतावण्यांचा ढीग खाली आला. भाऊ म्हणाला, "ताई, हे रद्दीत देऊ का?" मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेबाची वही न वाचता रद्दीत कशी जाऊ देणार? ओसरीवर बसून पाने उलटत राहिले. मूगडाळ, गूळ, रॉकेल, उधारी, आणि मध्येच वडिलांच्या अक्षरात एक ओळ : 'रेडिओ लायसन, दुकान खर्च'.

नातीने विचारले, "आजी, रेडिओला लायसन्स? गाडीसारखं?" होय बाळा, गाडीसारखंच. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. त्याचं छोटं पुस्तक असे आणि त्यावर तिकिटं चिकटवत. ही फी पुढे ऐंशीच्या दशकात गेली.

आमच्या घरी रेडिओ आला तो ऐकायला नव्हे, धंद्याला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि त्यावर बाजारभाव सांगत. आमचं किराणा-भुसाराचं दुकान पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. पुण्याच्या बाजारात गुळाचा आणि ज्वारीचा भाव काय फुटला हे ऐकायला मिळतं म्हणून आजोबांनी ट्रान्झिस्टर घ्यायला परवानगी दिली. सरकारचाही हिशेब काही वेगळा नव्हता. १९५६ मध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. म्हणजे रेडिओ खेड्यात आला तो शिकवायला. हसवणं त्याच्या मागून, दबकत आलं. आमच्याही घरी तसंच झालं.

आमच्याकडे चौविहार. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून चूल शांत. मग आजीचं प्रतिक्रमण. ते होईपर्यंत रेडिओला हात लावायचा नाही, आणि पर्युषणाचे आठ दिवस तर तो कपाटात कुलपाआडच. पण एरवी शेजारपाजारी भाकऱ्या थापत असायच्या तेव्हा आमच्या घरच्या बायका मोकळ्या. आई, मोठी काकू आणि आम्ही मुलं माजघरात, आजोबा बाहेर ओसरीवर गादीला टेकून. रेडिओ मधल्या दाराच्या उंबऱ्याजवळ, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जावा. ही जागा कोणी ठरवली ठाऊक नाही, पण ज्याने ठरवली तो शहाणा.

बुधवारी रात्री आठ वाजता 'बिनाका गीतमाला'. तो कार्यक्रम आपल्या देशातून नव्हे, रेडिओ सिलोनवरून येई, हे मला फार उशिरा कळलं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते आपले मराठीच. सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा असं त्यांचं मत, म्हणून आकाशवाणीवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. लोक काय करणार, काटा फिरवून सिलोन लावू लागले. त्याच वर्षी अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली, आणि तिच्यावर फौजी भावांसाठी 'जयमाला', छोट्या नाटुकल्यांचं 'हवामहल' अशी सगळी मेजवानी सुरू झाली. केसकरांना मी दोष देत नाही. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचवलं तेही त्यांच्याच काळात. पण लोकांना काय आवडावं हे वरून ठरवता येत नाही, एवढं कोणत्याही दुकानदाराने त्यांना सांगितलं असतं.

दुकानदारावरून आठवलं. विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती लागल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि त्या मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवर. आजोबांना आधी जाहिरातींचा राग. मग गिऱ्हाईक रेडिओत ऐकलेल्या नावाने साबण मागू लागलं, तसा राग गेला. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी मिळत. माझ्याकडे हत्ती तीन आणि जिराफ एकही नाही, याचं दुःख मला बरीच वर्षं होतं.

पण आईचा खरा जीव होता तो मुंबई केंद्रावरच्या 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच'वर. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे आवाज. नीलम प्रभू म्हणजे पुढे यशवंत देवांच्या पत्नी झालेल्या करुणा देव. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. घरातली तीन माणसं, महागाई, पाहुणे, राहून गेलेली कामं, आणि त्यावर एकमेकांची उडवलेली टर. मुंबईचं केंद्र आमच्याकडे कधी स्वच्छ लागे, कधी खरखरे. खरखरलं की काकू रेडिओ उचलून खिडकीकडे तोंड करून धरायची आणि शेवटपर्यंत तशीच उभी राहायची. सेल उतरले की ते दिवसभर उन्हात ठेवायचे, तेवढीच दोन दिवसांची धुगधुगी.

आज कुणाला वाटेल, एवढं काय त्यात? आमच्या आईला सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत. काही सांगायचंच झालं तर मला मध्ये घालून. "आजोबांना सांग, दूध तापलंय." आजोबा दोन हातांवर बसलेले, तेही मलाच म्हणणार, "आईला सांग, घेऊन ये." मी म्हणजे घरातलं पोस्ट ऑफिसच. आणि रेडिओत मात्र मीनावहिनी नवऱ्याला तोंडावर उत्तर देते, भावजींची फिरकी घेते, आणि कुणी तिला गप्प बस म्हणत नाही. आई पदराचा बोळा तोंडात धरून हसायची. एक दिवस भावजींच्या कुठल्याशा बोलण्यावर ओसरीवरून आजोबांचा खो खो आवाज आला आणि त्याच क्षणी माजघरातून आईचा. दोघं एकाच गोष्टीला, एकाच वेळी हसले. मग दोन्हीकडे एकदम शांत झालं. काकूने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची. दौंड-शिरूर भागाला दुष्काळ नवा नाही, पण तो निराळाच होता. विहिरी कोरड्या, रेशनवर लाल मिलो, गावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. आमच्या दुकानात रोख गिऱ्हाईक जवळजवळ थांबलं. उधारी मागायची कुणाच्या तोंडावर? आजोबा म्हणत, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला तगादा लावणं ही हिंसाच. फिरंगाईच्या यात्रेला भेटू, असं म्हणून माणसं धान्य नेत आणि आजोबा मान हलवत. आता त्या वहीत पाहिलं तर त्या वर्षीच्या कितीतरी नावांपुढची येणे बाजू तशीच उघडी आहे.

खर्च कुठे कापायचा याची एका रात्री ओसरीवर चर्चा चालली होती. आजोबा वडिलांना म्हणाले, "बाजारात मालच नाही तर भाव ऐकून काय करायचं? लायसन भरू नका. दौंडचा तो माणूस रेडिओ मागतोय, देऊन टाका." वडील काही बोलले नाहीत. वडील आजोबांपुढे कधीच काही बोलत नसत.

मी माजघरात आईजवळ होते. मला वाटलं आता आई मला निरोप सांगेल. तिने मला हाताने बाजूला केलं, उठून मधल्या दारापाशी गेली, पदर होता तसाच, आणि दाराआडून म्हणाली, "रेडिओ विकायचा नाही. माझ्या बांगड्या द्या हवं तर."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. सासऱ्यांशी थेट बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

बराच वेळ कोणी बोललं नाही. आजी माळ ओढत होती, तीही थांबली. मग आजोबा खाकरले आणि, याला मी अजून हसते, सवयीने मलाच म्हणाले, "आईला सांग, बांगड्या राहू दे."

त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबईत दूरदर्शन सुरू झालं होतं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा माझं लग्न ठरलं होतं.

आई आता नव्वदीला टेकली आहे. कानांना कमी येतं. बाळ कुडतरकर २०२० मध्ये गेले ते मी तिच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे प्रपंचातले ना?" आणि जपाची माळ हातात घेतली. २०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले, तेव्हा मात्र मी तिला सांगितलं नाही.

खतावणीचं म्हणाल तर पुढच्या वर्षाचं पान मी मुद्दाम शोधलं. लायसन भरलेलं आहे. अक्षर आजोबांचं, थोडं कापरं. ते दुकान खर्चात नाही. घरखर्चात, दूध आणि मुलांच्या फीच्या मध्ये लिहिलंय. ही वही मी पिशवीत घालून घरी आणली. बाकीच्या भावाने काय केल्या मी विचारलं नाही.