तारेपासून आंतरजालापर्यंत : शिरूर-दौंडच्या संपर्काची कहाणी

धर्मग्रामाच्या कामानिमित्त शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझे नेहमी जाणे-येणे असते. एक गाव घोड नदीच्या काठी वसलेले. जुनी माणसे त्याला अजून ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. दुसरे भीमेच्या काठी. दोन्ही पुणे जिल्ह्यातली, दोन्ही उसाच्या आणि ज्वारीच्या पट्ट्यातली. तरी त्यांच्या नशिबात एक मोठा फरक आहे. दौंडला दीड शतकाहून अधिक काळ आगगाडी येते. शिरूरला ती आजतागायत आलेली नाही. शिरूरकराचा सारा भरवसा पुणे-नगर रस्त्यावर. या एका फरकाचा विचार करता करता माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला : दूरवरचा संदेश आपल्या गावापर्यंत कसा आला, कोणाच्या हाती पडला आणि कोणाच्या दाराशी येऊन थांबला? आज घराघरांत इंटरनेट आल्याचे आपण म्हणतो, तेव्हा हा प्रश्न जुना न होता अधिकच टोकदार होतो. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. १८५८ साली लोहमार्ग पुण्याला पोहोचला आणि लवकरच दौंडमार्गे सोलापूरकडे सरकला. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. रुळांच्या सोबतीने तारेचे खांबही आले. गाड्यांची ये-जा सांभाळायची तर एका स्थानकाची खबर दुसऱ्या स्थानकाला क्षणात कळणे आवश्यक होते. अशा रीतीने दौंडला जगाशी जोडणारी पहिली तार आली, ती रेल्वेच्या गरजेपोटी; शेतकऱ्याच्या गरजेपोटी नव्हे. सामान्य माणसाच्या वाट्याला ती क्वचितच येई. शब्दागणिक पैसे मोजावे लागत. घरी तार आली की ती उघडण्याआधीच बायका रडू लागत, कारण इतका खर्च माणूस मरणाची बातमी कळवण्यासाठीच करी. ही तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. तिच्यासाठी हळहळणारे पुष्कळ निघाले; पण ती आयुष्यात एकदाही न वापरलेली माणसे त्याहून कितीतरी अधिक होती.

याच दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी मुक्ती सदन उभारले. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी तेथे आसरा दिला, लिहायला-वाचायला शिकवले, आणि छापखानाही काढला. रमाबाई यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, या स्त्रियांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून साकारले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. आपला पंथ निराळा असला तरी ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. यंत्र गावात आणणे ही एक गोष्ट; ते गावातल्या सर्वांत दुर्बल हाताला शिकवणे ही दुसरी. रमाबाईंनी दोन्ही केल्या.

आता शिरूरच्या बाजूला वळू. शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी नावाचे गाव आहे. १९७१ साली तेथे भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याची अवाढव्य तबकडी आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली आणि परदेशी जाणारी दूरध्वनीची संभाषणे पुणे जिल्ह्यातल्या शेतमळ्यांतून अंतराळात जाऊ लागली. गंमत अशी की, लंडन-न्यूयॉर्कशी बोलणे या परिसरातून होई. पण याच परिसरातल्या एखाद्या शेतकऱ्याला पुण्याच्या मार्केट यार्डातला भाव विचारायचा तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. हे केंद्र ज्या सरकारी खात्याकडे होते, त्यातूनच १९८६ साली विदेश संचार निगम ही कंपनी निर्माण झाली.

त्याच सुमारास देशातील मोजक्या विद्यापीठीय व संशोधन संस्थांना संगणकांद्वारे जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे आकार घेऊ लागले. विद्वानांपुरते मर्यादित असलेले हे दालन १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी उघडले. विदेश संचार निगमने त्या दिवशी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट सेवा सुरू केली. मी तेव्हा पुण्यात सेमिनरीत शिकत होतो. वर्तमानपत्रात ही बातमी वाचल्याचे आठवते. तिचा अर्थ आमच्यापैकी एकालाही नीट कळला नव्हता. त्याच वर्षी नाताळात व्हॅटिकननेही इंटरनेटवर आपले दालन उघडले. पोपमहाराजांचा संदेश क्षणार्धात जगभर वाचता येईल, असे आमचे एक प्राध्यापक सांगत होते, आणि आम्ही मात्र घरी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर खुशाली लिहीत होतो.

ती सेवा मिळवायची तर आधी घरी दूरध्वनी हवा, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे. मग संगणक हवा, मोडेम हवा, शिवाय हजारो रुपयांचे वार्षिक शुल्क. एवढे करूनही जोडणी मध्येच तुटे. पहिल्या सहा महिन्यांत देशभरात सुमारे १० हजार ग्राहक मिळाले, असे सांगतात. नव्वद कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात हा आकडा म्हणजे समुद्रात थेंब. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले केले आणि शहरोशहरी सायबर कॅफे निघाले. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी त्यांच्यापुढे लागणाऱ्या रांगा तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या. २००१ नंतर एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रातील लक्षावधी तरुणांचा संगणकाशी पहिला परिचय झाला.

खेड्यात इंटरनेट नेण्याचा देशातील आरंभीचा एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराची सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. आधार होता तेथील सहकारी साखर कारखान्याचा. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन व बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावरच मिळावी, असा हेतू. आपल्याकडे न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या माहितीची किंमत वेगळी सांगायला नको. तोडणीची पाळी चुकली की ऊस वाळतो आणि वजन घटते. वारणेच्या प्रयोगाने एक धडा दिला. शेतकऱ्याने केंद्राचा उपयोग केला तो मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी. जगाच्या ज्ञानभांडाराची स्वप्ने बाजूला राहिली. पुढे संशोधकांनी तेथेच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील एसएमएसने तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्त व सोयीचे ठरले. माणूस यंत्र स्वीकारतो ते त्याच्या रोजच्या गरजेतून, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

दुसरी अडचण लिपीची होती. येथे आपल्या वाचकांना एका जुन्या गोष्टीची आठवण होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. जवळजवळ चार शतकांनी तोच प्रसंग पुन्हा उद्भवला. नव्वदच्या दशकात परदेशी गेलेली मराठी मुले घरी ई-मेल पाठवीत ती रोमन अक्षरांत. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे मोलाचे काम केले होते. परंतु प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना निराळी असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की चिन्हांचा गोंधळ दिसे. युनिकोड ही समान रचना रूढ झाल्यावर हा अडसर दूर झाला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. आज रांजणगावच्या कारखान्यातला कामगार मोबाइलवर सहज मराठीत लिहितो, त्यामागे एवढी मोठी वाटचाल आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि स्पर्धेमुळे इंटरनेटचे दर कोसळले. जी गोष्ट संगणकाने वीस वर्षांत केली नाही, ती स्वस्त मोबाइलने चार वर्षांत केली. मार्च २०२४ अखेर देशातील इंटरनेट जोडण्यांची संख्या ९५ कोटींवर गेली होती. त्यांपैकी जवळपास ४० कोटी ग्रामीण भागात होत्या. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची, २०११ साली मंजूर झालेली योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने चालू राहिली. रेल्वेने स्थापन केलेल्या रेलटेल कंपनीने लोहमार्गांच्या कडेने प्रकाशतंतू टाकले. दीडशे वर्षांपूर्वी तार ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिची नातही आली म्हणायची. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि तलाठ्यासाठी होणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले.

परंतु सोय जेव्हा सक्ती होते, तेव्हा तिचे दुसरे रूप दिसते. २०१७ साली शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. त्या पावसाळ्यात मी एका केंद्राबाहेर रात्री दहा वाजता रांग पाहिली. अंगठ्याचा ठसा द्यावयाचा, म्हणून शेतकरी आपल्या पत्नीला घेऊन आले होते. सर्व्हर मंद होता. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. एक म्हातारी आपला अंगठा पदराला पुन्हा पुन्हा पुसत होती. जणू दोष तिचाच होता.

यानंतर २०२० आले. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली. शाळा मिटल्या, चर्चची दारे मिटली. आम्ही धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये मोबाइलसमोर मिस्सा अर्पण करू लागलो. किती कुटुंबे ती पाहतात याचा आकडा पडद्यावर दिसे, आणि मीही सुरुवातीला त्या आकड्यावर समाधान मानीत होतो. एके दिवशी धर्मग्रामातील एक माता भेटली. नवरा चालक; घरात एकच मोबाइल, तो दिवसभर त्याच्याबरोबर. रात्री तो परत आला की नववीतला मुलगा अभ्यासासाठी घेई. सातवीतल्या मुलीचे काय, असे मी विचारले. “तिला भावाच्या वह्या आहेत ना, फादर,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात अन्यायाची जाणीव नव्हती, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. त्या रात्री पडद्यावरच्या आकड्यात ती मुलगी नव्हती, हे माझ्या लक्षात आले. इतके दिवस मला ते सुचले नव्हते, याची कबुली मी येथे देतो.

हे एकाच घरापुरते नव्हते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये शहरांतील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. खेड्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण केवळ ३३ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांत तर चौघींमागे एक. तार गावापर्यंत आली, दारापर्यंत आली. घराचा उंबरठा ओलांडून मुलीच्या हाती मात्र सहज गेली नाही.

ज्यांच्या हाती ती गेली, त्यांच्यापुढेही संकटे आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेमुळे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार केले. मंगळवेढा परिसरातून आलेले ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी होते. तार होती तेव्हा मजकूर तारमास्तरच्या हातून जाई. आज खातरजमा करण्याचे ओझे प्रत्येकाच्या विवेकबुद्धीवर आहे. ‘डिजिटल अटके’ची भीती घालून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जाते. अशा वेळी १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवता येते, हे आपल्या घरातील आजी-आजोबांना ठाऊक आहे काय?

उपाय शोधणारी माणसेही आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा कायापालट ग्रामस्थांच्या सहभागातून झाला आणि तिचे नाव दूरवर गेले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरदर्शन बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. केव्हा वापरायचे आणि केव्हा बाजूला ठेवायचे, हे दोन्ही गावाने मिळून ठरवता येते, असे ही उदाहरणे सांगतात.

आमच्या सभागृहात आता रविवारी मिस्सानंतर तासभर एक वर्ग भरतो. कॉलेजची मुले शिकवतात. आया आणि आज्या शिकतात. सातबारा कसा काढायचा, पैसे पाठवताना कोणता आकडा कोणालाही सांगायचा नाही, आलेला निरोप खरा की खोटा, एवढाच अभ्यासक्रम. ती सातवीतली मुलगी आता मोठी झाली आहे आणि याच वर्गात शिकवते. परवा तिने आपल्या आईला पहिला ई-मेल लिहायला लावला. आईने तो मराठीत, देवनागरीत लिहिला. दोनच ओळींचा होता आणि त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या दुरुस्त करण्याचे मुलीने टाळले.