हार्ड डिस्कचे विभाजन
एकाच हार्ड डिस्कचे संगणकाला स्वतंत्र भासणारे भाग पाडणे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीकडे गेल्याने पहिला भाग ‘सी’ ठरला. भागांची नोंद ठेवण्याच्या १९८३ पासूनच्या एमबीआर पद्धतीत मुख्य भाग चारच, डिस्कची मर्यादा सुमारे २ टेराबाइट. नंतरच्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ भाग पाडू देते. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी जुळवून मिळणाऱ्या संगणकांत सी, डी, ई ही वाटणी सर्रास दिसते. तिचा खरा लाभ एवढाच, की विंडोज नव्याने टाकताना सी पुसला तरी डीवरचे फोटो, डीटीपीच्या फाइली शाबूत राहतात. सी तोकडा ठेवला, तर डी रिकामा असूनही विंडोजचे अपडेट अडते. डिस्कच बिघडली की सगळे भाग एकदम जातात. म्हणून डीवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. २५६ जीबीच्या एसएसडीवर भाग न पाडणेच बरे.