दिव्यासाठी आलेली कॉइल

होडीच्या पाठीला अडकवायचं इंजिन मूळचं पेट्रोलवरचं नव्हतंच. 1881 साली गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसच्या सेन नदीत विजेवर होडी चालवली. मोटर सुकाणूला बसवलेली आणि वीज बॅटरीची. तेव्हा बॅटरी मोटरला पोसत होती. हे नातं उलटायला बराच काळ जायचा होता.

ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा कारागीर. त्याचं दीड अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन 1909 मध्ये बाजारात आलं. त्यात ठिणगी पडायची ती कोरड्या सेलच्या बॅटरीवर. सेल भिजले की इंजिन गप्प. आणि होडीत न भिजणारी वस्तू कुठली? काही वर्षांतच फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेला मॅग्नेटो आला. दोरी ओढायची, चाकाबरोबर चुंबक कॉइलवरून फिरायचा, ठिणगी पडायची. बॅटरीची गरजच संपली. माझ्या मते आउटबोर्ड खऱ्या अर्थाने मासेमाराचं झालं ते इथे.

बॅटरी परतली ती दिव्यांच्या आणि बटन-स्टार्टच्या सोयीपायी. मग ती भरायची कशी? चुंबक फिरतच होते. त्यांच्याखाली आणखी एक कॉइल बसवली की काम झालं. तिचं नाव लायटिंग कॉइल, कारण काम दिव्यापुरतंच होतं. तिची वीज एसी, बॅटरीला हवी डीसी, म्हणून मध्ये रेक्टिफायर आला. कित्येक लहान इंजिनांत रेग्युलेटर नसायचाच. बॅटरी भरली तरी करंट येतच राहायचा, आणि लांबच्या फेरीत तिचं पाणी उडून जायचं. डिस्टिल्ड वॉटर घालता येईल अशी साधी लेड-ॲसिड बॅटरीच अशा इंजिनाला सोसवे.

गणित बिघडलं ते मासेमारीच्या यंत्रांनी. अमेरिकेत 1934 पासून मिन कोटा कंपनीच्या विजेवरच्या ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे धरताना होडी हळू चालवणाऱ्या मोटर, आल्या, तर 1948 मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र आणलं. हे यंत्र थोडक्यात भागवतं. ट्रोलिंग मोटर मात्र खादाड. मध्यम आकाराची मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअरच्या आसपास ओढते. लहान आउटबोर्डची कॉइल देते जेमतेम 6, तेही इंजिन जोरात पळताना. तासाभरात खर्चलेली वीज भरून काढायला आठ तासांहून जास्त इंजिन पळवावं लागेल. इतकं पेट्रोल जाळून कुणी मासे धरत नाही. म्हणून स्टार्टची बॅटरी वेगळी आणि ट्रोलिंगची वेगळी ठेवायची, दुसरी रात्री घरच्या चार्जरवर लावायची, ही रीत पडली. मोठ्या इंजिनांवर मोटारीसारखे पट्ट्याचे अल्टरनेटर आले आणि काही 70 अँपिअरपर्यंत देऊ लागले, तेव्हा कुठे मोठ्या होड्यांची चणचण कमी झाली.

लहान इंजिनवाल्यांनी एवढं करावं: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये. भार एकदम सुटला की व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर जळतो.