हरलेल्या मुलीला घरी आणायची घाई



‘पत्ते कुटत बसणं’ हे आपल्याकडे रिकामटेकडेपणाचंच दुसरं नाव. मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात किंवा झब्बू खेळायला कुणाची हरकत नसते, पण पत्त्यांची स्पर्धा म्हटली की घरातल्यांच्या भुवया वर जातात. माझी दहा वर्षांची लेक पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धेला जायचं म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, “हा जुगार तर नाही ना गं?” मला धड उत्तर देता आलं नाही. तिला घेऊन पुण्याला गेले, दिवसभर तिथे बसले आणि घरी आल्यावर या खेळाचा इतिहास शोधून वाचला. तोच आज सांगते. सासूबाईंचा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता.

पत्ते जमवायचे, अदलाबदल करायचे आणि त्यातूनच आपला डाव रचून खेळायचं, ही कल्पना रूढ झाली १९९३ साली अमेरिकेत. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या अभ्यासकाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ तयार केला. आपल्या बावन्न पत्त्यांचा जोड सगळ्यांना सारखाच. इथे मात्र प्रत्येकाचा जोड वेगळा, स्वतः विचार करून जमवलेला. या खेळाच्या सुरुवातीच्या नियमांत एक गोष्ट होती: दोघांनी आपापला एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घ्यायचे. म्हणजे जुगाराची सावली होतीच. ती पद्धत पुढे मागे पडली.

पोकेमॉनचा जन्म जपानमधला. सातोशी ताजिरी हे लहानपणी किडे पकडून जमवणारे. शहर वाढलं, शेतं आणि तळी बुजली, किडे दिसेनासे झाले. मुलांना शोधण्याची, जमवण्याची आणि मित्राशी अदलाबदल करण्याची तीच मजा मिळावी म्हणून त्यांनी व्हिडिओ गेम रचला. तो फेब्रुवारी १९९६ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचे पत्ते आले. आपल्यातल्या कितीजणींच्या भावांनी काडेपेटीचे छाप जमवले असतील! ओढ तीच.

या पत्त्यांत एक नियम मला फार आवडला. प्रत्येकाचा जोड साठ पत्त्यांचा. सुरुवातीला प्रत्येकाने आपल्याच जोडातले सहा पत्ते ‘बक्षीस’ म्हणून पालथे बाजूला ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन हरवला की त्यातला एक उचलायचा. म्हणजे जिंकायचं ते आपलंच. दुसऱ्याचं काही घ्यायचं नाही. डाव संपला की दोघंही आपापले साठ पत्ते घेऊन उठतात.

तरीही भांडणं झालीच. १९९९ साली हे पत्ते इंग्रजीत आले आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोरं वेडी झाली. मोठी मुलं लहानांना फसवून भारी पत्ते काढून घेऊ लागली, मारामाऱ्या झाल्या. अनेक शाळांनी पत्ते आणायला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोमध्ये काही पालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की बंद पाकिटात कुठला पत्ता निघेल ते कळत नाही, दुर्मीळ पत्त्याच्या आशेने मूल पाकिटावर पाकीट मागत राहतं, मग हा जुगार नाही तर काय? सासूबाईंचाच प्रश्न. आणि पाकिटापुरता तो आजही खरा आहे. म्हणून आमच्याकडे ठरलंय: पाकीट वाढदिवसाला, एरवी हवा तो पत्ता मैत्रिणीकडून बदलून घ्यायचा, आणि अदलाबदल आईला दाखवून करायची.

पाकीट फोडणं आणि स्पर्धा खेळणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्येच दुकानांमधून मुलांचे साप्ताहिक खेळ सुरू झाले. २००४ साली अमेरिकेतल्या ऑरलँडोला जागतिक स्पर्धा झाली. २०२३ ची जपानमध्ये योकोहामाला झाली. लहान मुलांचा गट वेगळा असतो. शेजारी उभं राहून आईबापांनी पत्ता सुचवायचा नाही. तसं केलं तर शिक्षा मुलाला होते. मोठ्या स्पर्धांत तर पालकांना दोरीबाहेरच थांबवतात. मीही मागच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते.

लेक पहिली फेरी हरली. दुसरीही हरली. डोळे भरलेले घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “चल ना घरी.” माझाही जीव कासावीस झाला. मी दप्तर उचललंही. तेवढ्यात शेजारच्या एका मुलाची आई म्हणाली, “अहो ताई, थांबा ना. अजून दोन फेऱ्या आहेत. यात हरलेल्याला बाहेर काढत नाहीत.”

मी थांबले. ही पद्धत बुद्धिबळातून आली आहे. १८९५ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या स्पर्धेत ती वापरली गेली, म्हणून तिला ‘स्विस’ म्हणतात. कबड्डीच्या बाद फेरीत हरलं की संपलं. इथे प्रत्येकजण ठरलेल्या सगळ्या फेऱ्या खेळतो, आणि पुढच्या फेरीत शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेला गडी समोर येतो. दोन हरलेलीसमोर दोन हरलेलाच बसतो. त्यामुळे दिवस सरेल तसं मूल आपल्या तोडीच्या मुलाशी खेळू लागतं.

तिसरी फेरीही ती हरली, पण बराच वेळ झुंजून. चौथी जिंकली. समोरचा मुलगा तिच्याहून लहान होता, रडवेला झाला होता. तिने त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाली, “मी पण तीन हरलेय.” हे मी शिकवलेलं नव्हतं. मी ऐनवेळी घरी घेऊन गेले असते, तर तिला ते म्हणायची वेळच आली नसती.

परतताना एसटीत ती झोपली. घरी सासूबाईंनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “आई, तीन हरली, एक जिंकली, आणि सगळे पत्ते परत आणलेत.” त्या हसल्या. परवा त्यांनीच तिला विचारलं, “तो तुझा साठ पत्त्यांचा डाव मला शिकवतेस का गं?”

मैत्रिणींनो, खेळ कुठलाही असो, खो-खो, बुद्धिबळ की पत्ते, आपली लेकरं हरली की आपल्यालाच घरी जायची घाई होते. ती घाई आवरा. शेवटच्या फेरीपर्यंत थांबा, आणि डब्यात एक पोळी जास्त ठेवा.