स्वयंपाकघरातून निघालेली बिअर

बिअर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती कारखान्यात भरलेली, पत्र्याचे बूच लावलेली थंडगार बाटली. पण बिअरच्या इतिहासात कारखान्याचा काळ जेमतेम अडीच-तीनशे वर्षांचा. त्याआधी हजारो वर्षे ती घरात बनत होती, भाकरी बनते तशी. मेसोपोटेमियात सुमेरियन लोकांची निंकासी नावाची बिअरची देवता होती. इ.स.पू. १८००च्या सुमारास मातीच्या पाटीवर लिहिलेले तिचे स्तोत्र सापडले आहे, आणि त्यात देवतेच्या स्तुतीबरोबर बिअर करण्याची कृतीही येते. पाककृती आणि प्रार्थना तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्येही हे काम घरातल्या बायकांचे होते. जवापासून केलेली 'एल' फार टिकत नसे, थोड्याच दिवसांत आंबट होई. म्हणून थोडी करायची, पुन्हा पुन्हा करायची. घरात पुरून उरली की दारावर काठी किंवा झाडू टांगायचा, म्हणजे शेजारपाजारच्यांना विक्रीची वर्दी मिळे. बिअर करणाऱ्या बाईला इंग्रजीत 'ब्रूस्टर' असा खास शब्द होता. आज तो फक्त आडनाव म्हणून शिल्लक आहे. मग पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स-हॉलंडकडून हॉप्स नावाच्या वेलीची फुले बिअरमध्ये घालण्याची रीत इंग्लंडात रुजली. हॉप्समुळे बिअरला कडवटपणा आला आणि मुख्य म्हणजे ती टिकू लागली. टिकू लागली म्हणून मोठ्या प्रमाणावर करून लांबवर पाठवता येऊ लागली. त्यासाठी भांडवल लागले, मोठी पिंपे लागली, आणि हळूहळू हा धंदा बायकांच्या हातून निसटला.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर नावाच्या काळसर बिअरने हे रूप पूर्ण केले. पिंपे इतकी प्रचंड झाली की १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका कारखान्यातले पिंप फुटले आणि बिअरच्या लोंढ्याने शेजारच्या गरीब वस्तीतील आठ जणांचा बळी घेतला. ज्या देशात ती चुलीवरच्या हंड्यात मावत होती, तिथलीच ही गोष्ट.

आता थोडे कृतीविषयी, कारण तिच्याशिवाय पुढचा इतिहास कळायचा नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो. बिअरची सुरुवातही तशीच. जवाला मोड आणून ते वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातल्या पिठाची साखर होते. हा गोड काढा गाळून, हॉप्स घालून साधारण तासभर उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. एक-दोन आठवड्यांत आंबवण पुरे होते. मग चिमूटभर साखर घालून बाटल्या भरायच्या, त्या साखरेतून वायू तयार होतो आणि फेस येतो. घरी करणारे सहसा एका वेळी १९-२० लिटर करतात, हौशी नवखे चार-पाच लिटरही.

सगळी गंमत थोडक्यात करण्यात आहे. माल्ट करपेपर्यंत भाजले की काळी स्टाउट होते. निम्मे गहू घेऊन बव्हेरियातले खास यीस्ट वापरले की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि त्यात ना केळे असते ना लवंग. १८ ते २० अंशांवर आंबवली तर एल, १० अंशांच्या आसपास सावकाश आंबवली तर लागर. हॉप्स सढळ हाताने घातले की पेल एल. या शेवटच्या प्रकारात आपल्या देशाचे नाव अडकले आहे. लंडनच्या बो भागातला जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आपली बिअर कलकत्ता-मुंबईला पाठवी, पुढे बर्टन गावच्या कारखानदारांनी ती बाजारपेठ काबीज केली. 'इंडिया पेल एल' भारतात बनत नव्हती, भारतातल्या गोऱ्यांसाठी इंग्लंडात बनत होती.

यीस्टचे गुपित कळायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६चा. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने यीस्टची शुद्ध पैदास वेगळी केली. त्यापूर्वी मागच्या खेपेचा फेस पुढच्या खेपेला लावायचा, विरजणासारखा. हाच फेस पाव फुगवायलाही जाई. आपल्याकडे पोदेर पावाच्या पिठात माडाची सूर घालत आणि सान्नां आजही सुरीवर फुगतात, त्यातले नाते हेच.

शुद्ध यीस्ट, यंत्राची थंडी आणि आगगाडी हाती आल्यावर कारखान्यांचे राज्य पक्के झाले. त्यात कायद्याची भर पडली. इंग्लंडमध्ये १८८० साली घरी बिअर करणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. तो रद्द व्हायला १९६३ साल उजाडले, अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांच्या अंदाजपत्रकात. अमेरिकेची कथा अधिक विचित्र. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. त्या काळात दुकानांत माल्टच्या पाकाचे डबे उघड विकले जात, आणि ते कशासाठी नेतात हे सगळ्यांना ठाऊक असे. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरचा उल्लेख मात्र राहून गेला. या एका राहून गेलेल्या शब्दाने पुढची ४५ वर्षे घरची बिअर बेकायदा ठरली.

या काळात अमेरिकेतले लहान कारखाने एकामागून एक बंद पडले. १९७०च्या दशकाअखेर तिथे बिअरचे शंभरही कारखाने उरले नव्हते आणि बहुतेक सगळे एकाच चवीची फिकट लागर करत. स्टाउट किंवा पोर्टर प्यायची तर परदेशी बाटली शोधा, नाही तर चोरून घरी करा. या चोरून करणाऱ्यांनी जुन्या कृती शोधल्या, एकमेकांना लिहून कळवल्या, यीस्ट जपले. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९पासून घरच्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे होतेच, मिसिसिपी आणि अलाबामा यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ साली.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी शाळामास्तर चार्ली पपाझियन यांनी घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली, १९८४ साली त्यांचे पुस्तक आले. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी १९८०मध्ये सिएरा नेवाडा हा स्वतःचा लहान कारखाना सुरू केला. त्यांच्यामागून अनेक आले, आणि आज अमेरिकेत बिअरचे नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत. विक्रीला बंदी असलेल्या छंदातून एवढा धंदा उभा राहिला, कारण कारखान्यांनी टाकून दिलेली विविधता स्वयंपाकघरांनी सांभाळून ठेवली होती.

आपल्याकडे मद्य हा घटनेने राज्यांचा विषय आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणे हा गुन्हा ठरू शकतो, हे हौशी वाचकांनी ध्यानात ठेवावे. काजूची फेणी ही बिअरची बहीण नव्हे. ती ऊर्ध्वपातित, आणि अमेरिकेच्या १९७८च्या कायद्यानेही घरी दारू गाळण्याला मोकळीक दिली नाही. तरी प्रश्न आपल्यालाही लागू आहे. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. बाटलीवरचे नाव त्यामुळे राखले जाईल. पण काजूचा रस किती दिवस आंबू द्यायचा, सूर कोणत्या वेळी उतरवायची, भाटीखालचा जाळ कधी कमी करायचा, हे कागदावर नसते, करणाऱ्याच्या हातात असते. अमेरिकेत कृती हरवल्या तेव्हा त्या निदान जुन्या पुस्तकांत सापडल्या. आपल्या रेंदेराच्या आणि भाटीवाल्याच्या विद्येचे पुस्तक अजून कुणी पुरते लिहिलेले नाही, आणि त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली आहेत.